वर्गात चुकीचं सांगून बसले, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई. मी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या एका खेड्यात सातवीला इंग्रजी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. गेल्या महिन्यात एका मुलानं विचारलं, "बाई, 'गेट' म्हणजे मिळणे असं तुम्ही सांगितलं. मग 'गेट अप' म्हणजे उठणे कसं? 'गेट वेट' म्हणजे भिजणे कसं? एकाच शब्दाला इतके अर्थ कशाला?" मला उत्तर सुचेना. त्याच आठवड्यात मोबाईलवर एक मेसेज फिरत होता, की इंग्रजीतलं 'गेट' हे आपल्या 'घेणे'वरून, 'घेत'वरून गेलं आहे. मी तेच वर्गात सांगून टाकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण शाळेतल्या एका सरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं, "पुरावा काय?" माझ्याकडे काहीच नव्हतं. नंतर एका मुलीनं मोबाईलवर 'गॉटन' असा शब्द ऐकल्याचं सांगितलं. तो चूक आहे असं मी म्हणाले, आणि आता त्याचीही खात्री वाटत नाही. वर्गात उभं राहताना पोटात गोळा येतो. चूक कबूल केली तर मुलं पुढं माझं ऐकतील का? आणि या 'गेट'चं खरं काय आहे?
एक शिक्षिका, जत तालुका

प्रिय बाई,

आधी दोन सरळ उत्तरं देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. 'गेट' हे 'घेणे'वरून आलेलं नाही. आणि 'गॉटन' चूक नाही. दोन्ही गोष्टी वर्गात दुरुस्त कराव्या लागतील. पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न त्या मुलाचा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या वर्गातल्या प्रत्येक पोराला आधीच येतं, फक्त मराठीत. तिथंच मी जास्त वेळ थांबणार आहे. त्याआधी सरांनी मागितलेला पुरावा.

'घेत' आणि 'गेट' कानाला जवळचे वाटतात हे खरं. पण 'घेत'चे तुकडे करून पाहा. करत, खात, जात, येत, घेत. शेवटचा 'त' सगळीकडे आहे, तो प्रत्यय आहे. तो काढला की धातू उरतो नुसता 'घे'. उलट 'गेट'मधला 'ट' त्या शब्दाच्या हाडातला आहे, तो काढून टाकता येत नाही. आता 'घे'च्या मागं मागं जा. महाराष्ट्री प्राकृतात 'घेत्तूण' सापडतं, म्हणजे आपलं 'घेऊन'. त्याच्याही मागं संस्कृतातला 'ग्रह्' धातू, आणि वेदांत त्याचंच जुनं रूप 'ग्रभ्'. म्हणजे मुळात तिथं 'र' आहे, 'भ' आहे, आणि 'गेट'मध्ये या दोन्हींचा मागमूस नाही. खरे भाऊबंद असते तर आजे-पणजे शोधत मागं जाताना घरं जवळ जवळ यायला हवी होती. इथं ती लांब जात आहेत. 'घेणे'चा इंग्रजीतला नातलग शोधायचाच असेल तर तो 'ग्रॅब'. 'ग्रभ्' आणि 'ग्रॅब' एका मुळाचे मानले जातात.

मुलांना पटवायला याहून सोपं उदाहरण तुमच्या शाळेच्या दारातच आहे. फाटकाला आपण 'गेट' म्हणतो आणि हे क्रियापदही देवनागरीत 'गेट' असंच लिहितो. फळ्यावर दोन्ही शेजारी लिहा. दिसायला अगदी एक, पण इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, उच्चार वेगळा, घराणं वेगळं.

मग नातं ठरतं कशावरून? एका भाषेतला ठरावीक ध्वनी दुसऱ्या भाषेत पुन्हा पुन्हा, शिस्तीत, ठरावीकच ध्वनीसमोर येतो का, यावरून. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असं मांडलं. पुढं १८१८ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी आणि १८२२ मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी ध्वनींची ही शिस्त दाखवून दिली. ग्रिम म्हणजे परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतले थोरले. त्यांचा नियम तुमच्या सातवीला पाच मिनिटांत कळेल, कारण त्याची उदाहरणं मराठीतच पडलेली आहेत. दोन आणि टू. दहा आणि टेन. दात आणि टूथ. तिन्ही ठिकाणी आपल्याकडे 'द', इंग्रजीत 'ट'. दुसरी जोडी: संस्कृतातला हंस आणि इंग्रजीतलं गूस. इकडे 'ह', तिकडे 'ग'. एक गोष्ट मात्र ठासून सांगा. यावरून संस्कृतातून इंग्रजी निघाली असं होत नाही. दोघी बहिणी आहेत, आणि त्यांची आई कुणी लिहून ठेवलेली नाही.

हाच नियम 'गेट'ला लावा. इंग्रजीत 'ट' असेल तर बहिणींकडे 'द' हवा. इंग्रजीत 'ग' असेल तर लॅटिनमध्ये 'ह' हवा. लॅटिनमध्ये पकडणे या अर्थाचा शब्द आहे 'प्रेहेंडेरे'. त्याचं पोट पाहा: 'हेंड'. मधला अनुनासिक हा वर्तमानकाळी रूपात शिरलेला आहे, जसं संस्कृतात 'युज्'चं 'युनक्ति' होतं. तो बाजूला केला की 'हेद' उरतो. आणि 'हेद'समोर नियमानं 'गेट'च येतं. हा तुमचा पुरावा, बाई. सरांना दाखवा. ज्या शब्दाशी साम्य दिसतं तो परका निघाला, आणि ज्याच्याशी काहीच साम्य दिसत नाही तो सख्खा निघाला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस मी दिसेल त्या शब्दाची उलटतपासणी करत होते.

त्या लॅटिन शब्दाची लेकरं इंग्रजीत सगळीकडे विखुरली आहेत. प्रिझन, म्हणजे पकडून ठेवण्याची जागा. सरप्राइज, म्हणजे बेसावध पकडणं. अप्रेंटिस, म्हणजे विद्या पकडू पाहणारा उमेदवार. आणि कॉम्प्रिहेंड, म्हणजे समजणं. या शेवटच्या शब्दापाशी थांबा. इंग्रज माणूस बोलताना 'आय गेट इट' म्हणतो तेव्हा त्याला 'समजलं' असंच म्हणायचं असतं. म्हणजे एका मुळाचे दोन शब्द, एक रोमच्या वाटेनं आलेला, एक उत्तरेकडून आलेला, वेगवेगळ्या काळात 'हाताने धरणे' इथून निघून 'मनाने धरणे' इथं पोहोचले. आणि आपण काय म्हणतो? समजून घेणे. लक्षात घेणे. ज्ञान ग्रहण करणे. म्हणजे 'घेणे' आणि 'गेट' यांचं रक्ताचं नातं नसलं तरी चालण्याची वाट एक आहे. तुमच्या मेसेजमध्ये खरं होतं ते एवढंच, आणि ते त्या मेसेजपेक्षा जास्त सुंदर आहे.

'उत्तरेकडून' म्हणाले, ती गोष्ट मुलांना नक्की सांगा. जुन्या इंग्रजीत हा धातू एकटा वावरत नव्हता. तो दुसऱ्या शब्दांना चिकटून होता, म्हणजे आजच्या 'फरगेट' (विसरणे) आणि 'बिगेट' (जन्म देणे) यांच्या पूर्वजांत. फरगेट म्हणजे धरलेलं हातून सुटणं. आणि त्यातल्या 'ग'चा उच्चार तेव्हा 'य'कडे झुकलेला होता. इंग्रजीत अशा बऱ्याच 'ग'चा 'य' झालेला आहे. जर्मन भाषेत काल म्हणजे 'गेस्टर्न', इंग्रजीत 'यस्टरडे'. जर्मनमध्ये पिवळा 'गेल्ब', इंग्रजीत 'यलो'. त्या हिशेबानं घरचा शब्द टिकला असता तर आज आपण 'येट' शिकवत असतो. पण ७९३ साली इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर उत्तरेच्या समुद्री लुटारूंची, म्हणजे व्हायकिंगांची, धाड पडली, ८६५ मध्ये मोठं सैन्य उतरलं, आणि मग लुटायला आलेली ती माणसं इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात शेती करून राहिली. ज्या गावांच्या नावाच्या शेवटी 'बी' आहे, डर्बी, व्हिट्बी, ग्रिम्सबी, त्यातला 'बी' त्यांचाच, अर्थ वस्ती. त्यांच्या नॉर्स भाषेत 'गेटा' असा स्वतंत्र शब्द होता, 'ग' खणखणीत असलेला. मिळवणे, जन्म देणे, जमणे, तर्क करणे असे त्याचे अर्थ होते. आजच्या आइसलँडिक भाषेत 'गेटा' म्हणजे शकणे. सन १२०० च्या सुमारास हा शब्द लिखित इंग्रजीत दिसू लागतो.

हे समजायला तुमच्या मुलांना इंग्लंडला जावं लागत नाही. जत भागात मराठी आणि कानडी एका अंगणात वाढतात. एकाच्या घरी कानडी, शेजाऱ्याच्या घरी मराठी, बाजारात दोन्ही. अक्का, अण्णा, तूप हे शब्द कानडीकडून आपल्याकडे आले ते काही कुणाच्या हुकमावरून नाही, शेजारामुळे आले. इंग्लंडमध्येही तसंच झालं. एग, स्काय, नाइफ, विंडो, हजबंड, लॉ, टेक, कॉल हे सगळे त्या शेजाऱ्यांचे शब्द. 'दे', म्हणजे इंग्रजीतलं 'ते' या अर्थाचं सर्वनामसुद्धा त्यांचंच. कुठल्याही भाषेनं सर्वनाम उसनं घेणं ही विरळी गोष्ट आहे. एवढं एकमेकांत मिसळलेले लोक होते ते.

आणि ही सरमिसळ लगेच सगळीकडे पोहोचली असं नाही. इंग्लंडमध्ये छपाई आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० मध्ये एका प्रस्तावनेत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. काही व्यापारी थेम्सच्या मुखापाशी वारा पडल्यामुळे अडकले. एकानं किनाऱ्यावरच्या घरी जाऊन बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हती. शेवटी दुसऱ्या कुणीतरी 'आयरन' मागितली, म्हणजे अंडीच, जुन्या दक्षिणी शब्दात, तेव्हा तिला कळलं. कॅक्स्टननी पुढं विचारलं आहे की आता आम्ही छापायचं तरी काय, एग्ज की आयरन? तुमच्या वर्गातल्या कानडी घरच्या मुलांना ही गोष्ट सगळ्यात आधी कळेल.

आता त्या मुलाचा प्रश्न. एकाच शब्दाला इतके अर्थ कशाला?

त्याला फळ्यापाशी बोलवा आणि विचारा, 'लागणे' म्हणजे काय? तो काहीतरी एक सांगेल. मग वर्गाला सोडा मोकळं. भूक लागते. ठेच लागते. आग लागते. घाटात गाडी लागते. भावाला नोकरी लागते. निकाल लागतो. वाटेत गाव लागतं. विहिरीला पाणी लागतं. मूल चालायला लागतं. वेड लागतं, गोडी लागते, दृष्ट लागते. शाळेत जावं लागतं. आणि 'लग्न लागलं' यातला 'लग्न' हा शब्दही त्याच धातूच्या घरचा. यातला एकही अर्थ त्या मुलांनी कोशात पाहून पाठ केलेला नाही. भूक या शब्दाबरोबर आला म्हणून तो अर्थ कळला, ठेच या शब्दाबरोबर आला म्हणून हा कळला. शब्द एकटा भेटलाच नाही कधी, सोबतीनंच भेटला. रोजच्या राबत्या क्रियापदांचं सगळीकडे असंच असतं. इंग्रजीच्या मोठ्या ऑक्सफर्ड कोशाची नवी आवृत्ती करताना 'रन' या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, आणि त्या एका नोंदीवर संपादकाचे महिनेच्या महिने गेले. ते अर्थ कुणी ठरवून दिले नव्हते. 'लागणे'चेही नाहीत.

पण 'इतके अर्थ असतात' एवढ्यानं त्या मुलाचं समाधान होणार नाही, होऊ नये. त्यानं विचारलंय 'कसं'. त्याचं उत्तर मला आपल्या 'पावणे'मध्ये सापडलं. 'पावणे' म्हणजे मिळणे: पैसे पावले, म्हणून तर त्या कागदाला पावती म्हणतात. जुन्या मराठीत 'पावणे' म्हणजे पोहोचणेही: अमुक गावी पावलो. आणि तिसरा अर्थ, एखाद्या अवस्थेला जाणे: नाश पावणे, वृद्धी पावणे, मृत्यू पावणे. वस्तू हाताशी येते, माणूस गावाशी येतो, माणूस अवस्थेशी येतो. तिन्हींत काहीतरी कशाशी तरी येऊन भिडतं. 'गेट' हेच करतं. 'गेट अ लेटर', पत्र हाती आलं. 'गेट होम', घरी पोहोचलो. 'गेट वेट', ओल्या अवस्थेला पोहोचलो, म्हणजे भिजलो. 'गेट अप', आडव्याचा उभा झालो, वरच्या स्थितीला पोहोचलो, म्हणजे उठलो. 'गेट ओल्ड', म्हातारपणाला पोहोचलो. त्या मुलाची दोन्ही उदाहरणं यात बसतात. त्याला सांगा की तू विचारलंस म्हणून हे शोधलं गेलं.

यानंतर एक जागा अशी आहे जिथं आपली मुलं हमखास अडखळतात, आणि जिथं मराठी आपल्या हातात किल्ली देते. 'आय गॉट टू गो टू मुंबई' म्हणजे मला मुंबईला जायला मिळालं. आनंदाची गोष्ट. 'आय हॅव गॉट टू गो टू मुंबई' म्हणजे मला मुंबईला जावं लागणार. मनाविरुद्धही असेल. मध्ये एक 'हॅव' आला आणि 'मिळालं'चं 'लागणार' झालं. इंग्रज लोक बोलताना तो 'हॅव' जवळजवळ गिळतात, कधी कधी पूर्णच गिळतात, म्हणून ऐकताना गोंधळ होतो. पण ज्या मुलाला 'जायला मिळणे' आणि 'जावे लागणे' यातला फरक कळतो, आणि तो आपल्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतो, त्याला हा नियम वेगळा शिकवायला लागत नाही. तसंच 'ही गॉट हिज हेअर कट', त्यानं केस कापून घेतले. 'करून घेणे' हा आपला प्रयोग अगदी त्याच साच्यातला. आणि 'आय गॉट हर्ट', मला लागलं.

मी यावर इतका जोर का देते, ते सांगते. मीही मराठी शाळेतलीच. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला गेले होते. शेवटी समोरचे साहेब म्हणाले, "वुई विल गेट बॅक टू यू." मला 'गेट' म्हणजे मिळणे आणि 'गेट बॅक' म्हणजे परत येणे एवढंच शिकवलेलं. मला वाटलं, ते परत येणार आहेत. मी बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. शिपायानं दिवे घालवताना विचारलं, "बाई, कुणाची वाट बघताय?" 'कळवू तुम्हाला' एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. त्या दिवशी मला इंग्रजी कमी येत होती असं मी आजही मानत नाही. मला तो शब्द एकटा शिकवला होता, सोबतीनं शिकवला नव्हता, एवढंच. तुमच्या वर्गातल्या कुठल्या मुलीवर अशी बाकावर बसायची वेळ येऊ नये असं मला फार वाटतं.

म्हणून अर्थांची यादी पाठ करून घेऊ नका. वाक्यं द्या. रोज एक 'गेट', त्याच्या सोबत्यासकट, आणि त्याच्यासमोर मुलांनी आपल्या घरच्या बोलीतलं वाक्य लिहायचं. मिळणे, होणे, लागणे, पोहोचणे, करून घेणे, समजणे, आणणे, यातलं कुठलं बसतं ते त्यांनी ठरवायचं. कानडीत सुचलं तर कानडीत लिहू द्या. बसमधून उतरण्यासाठी आपल्याकडे सगळे 'गेट डाउन' म्हणतात. ते चूक आहे म्हणून कुणाला हिणवू नका, भारतभर रुळलेला प्रयोग आहे तो. फक्त इंग्लंड-अमेरिकेत त्या जागी 'गेट ऑफ' ऐकू येईल, हे सांगून ठेवा. आणि अर्ज लिहिताना 'गेट'ऐवजी 'रिसीव्ह' किंवा 'ऑब्टेन' बरं दिसतं, जसं आपण बोलताना 'पत्र मिळालं' म्हणतो आणि सरकारी कागदावर 'पत्र प्राप्त झाले' लिहितो. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, दरबारी शब्द त्या वाटेनं आले, आणि 'गेट' स्वयंपाकघरात, शेतात, बाजारात राहिलं. मला ते तिथंच जास्त आवडतं.

आता 'गॉटन'. ही मुलगी बरोबर ऐकते आहे. 'गॉटन' हे 'गेट'चं जुनं भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे 'हॅव'नंतर येणारं तिसरं रूप आहे. १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलमध्ये, आपला मुलगा काईन याच्या जन्माच्या वेळी, ईव्हच्या तोंडी ते आहे. पुढं इंग्लंडमध्ये ते मागं पडून नुसतं 'गॉट' राहिलं, पण समुद्रापलीकडे अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या तोंडी ते टिकलं. 'फरगॉटन' तर दोन्हीकडे आजही जिवंत आहे, त्यावरून मुलांना 'गॉटन'चं जुनेपण चटकन पटेल. अमेरिकेत या दोन रूपांत फरकही करतात. 'आय हॅव गॉट अ सायकल' म्हणजे माझ्याकडे सायकल आहे. 'आय हॅव गॉटन अ सायकल' म्हणजे मी सायकल मिळवली, नुकती घेतली. आपल्या शाळांतली इंग्रजी ब्रिटिश वळणाची, म्हणून पेपरात 'गेट, गॉट, गॉट' लिहायला सांगा. पण तिचं चुकलं असं म्हणाला होतात, ते मागं घ्या.

आणि चूक कबूल करण्याबद्दल. मुलं ऐकणं बंद करतील का, असं तुम्ही विचारलंत. मला उलट भीती वाटते. तुम्ही गप्प राहिलात तर टाळ्या वाजवणारी ती मुलं 'घेत'ची गोष्ट घरी सांगतील, पुढच्या वर्गात सांगतील, आणि कधीतरी कुणीतरी त्यांनाही सगळ्यांसमोर विचारेल, "पुरावा काय?" तेव्हा त्यांच्या पोटात जो गोळा येईल तो तुम्हाला आज ठाऊक आहे. म्हणून लांबण लावू नका. येत्या तासाला पहिल्या वाक्यात सांगा: "मी तुम्हाला गेट आणि घेणे यांचं जे नातं सांगितलं ते खरं नाही. मी न तपासता सांगितलं. आज आपण तपासू." माफीचं भाषण नको. लगेच फळ्यावर दोन-टू, दहा-टेन, दात-टूथ लिहा आणि चौथी जोडी त्यांना शोधू द्या. 'पाय'चा संस्कृत शब्द 'पाद' आणि इंग्रजीतलं 'फूट' दिलंत तर एखादं चलाख पोर 'द' आणि 'ट' पुन्हा पकडेल, आणि वर 'प' आणि 'फ' ही नवी जोडीही काढेल.

सरांनी ज्या पद्धतीनं विचारलं ती मला आवडली नाही. हे एकांतात विचारता आलं असतं. पण त्यांचा प्रश्न योग्य होता. जमलं तर त्याच तासाला त्यांना वर्गात बसायला बोलवा. तुम्ही पुरावा मांडताना ते समोर असतील तर शिक्षकांच्या खोलीतला तो प्रसंग तिथंच मिटेल, आणि मुलांना दोन मोठी माणसं एका शब्दाचा छडा लावताना दिसतील. ते आले नाहीत तरी तास घ्याच.

त्या मुलीला मात्र तासाआधी बोलवून घ्या. 'गॉटन'चं ते वाक्य तिनं नेमकं कसं ऐकलं ते तिला आठवायला सांगा. त्याच्या आधी 'हॅव' होता का, आणि बोलणाऱ्याकडे ती वस्तू आधीपासून होती की नुकती आली होती. तिला काय उत्तर मिळालं ते मला कळवा, मी वाट पाहते.

तुमची,
ताई